खुराड्याचं कुलूप

"माझी अंडी कुणी खाल्ली?"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की क्लबातल्या सगळ्या पोरांनी गोळीबार थांबवला. पडद्यावरचा गोळीबार, अर्थात. मग एकेकाला हसू फुटलं आणि मी कानापर्यंत लाल झाले.

काराकोलच्या बाजारामागे, जिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, त्या तळघरात सबीरबेक बाइकेंचा कॉम्प्युटर क्लब होता. पायऱ्या उतरताना मान वाकवावी लागायची. खाली ओल्या बुटांचा आणि तळलेल्या कणकेच्या बोर्सोकांचा वास. कोपऱ्यातल्या घरघरणाऱ्या जुन्या मशीनवर दुसरं काही चालायचं नाही, म्हणून ती मला मिळायची. तिच्यावर बुटक्यांचा खेळ होता. डोंगर पोखरून किल्ला बांधायचा आणि आतल्या बुटक्यांना जगवायचं. बाकीचे लोक सोन्यासाठी खणत. मी आपली बदकं पाळायचे. खुराड्यात खोकी मांडलेली, खोक्यांत अंडी, आणि दाराला कुलूप. कारण बुटक्यांना अंडं दिसलं की ते उचलून थेट स्वयंपाकघरात नेतात, मग पिल्लं कुठली निघायला? आणि त्या दिवशी बघते तर दार सताड उघडं. खोकी रिकामी!

"मी खाल्ली," चहाच्या समोवारपाशी उभा असलेला एक उंच मुलगा म्हणाला. "म्हणजे... माझ्या बुटक्यांनी."

"तुमच्या बुटक्यांनी?"

"सकाळी मी बसतो तिथं. मला वाटलं, बेवारशी किल्ला आहे. सगळे उपाशी, पिंपं कोरडी, आणि इकडे ढीगभर अंडी कुलपात! म्हटलं, कोण कंजूष सोडून गेलाय हे..."

"मी कंजूष? आणि तुम्ही, बाइके, लोकांच्या घरात शिरून चूल पेटवता ते?"

आमच्याकडे आपल्याहून मोठ्या मुलाला, माणसाला बाइके म्हणायची पद्धत आहे. दादासारखं. तो शब्द ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं, चहा घेऊन आला आणि न विचारता शेजारी स्टूल ओढून बसला.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"आधीच रागावलेय."

"मग विचारतोच. कधीपासून बसवली होतीस ही बदकं अंड्यांवर?"

"बरेच दिवस झाले होते. पिल्लं निघणारच होती."

तो पडद्याकडे वाकला. त्याच्या जाकिटाला बर्फाचा आणि पेट्रोलचा वास येत होता. "सगळ्या बदकिणीच आहेत या. नर कुठाय?"

मी बघितलं. पुन्हा बघितलं. खरंच की... इतके दिवस मी दार राखत बसले होते, आणि नर आणायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! त्याची नजर माझ्या कोटाखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या एप्रनवर गेली.

"नर्सिंगला आहेस ना?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पहिल्या वर्षाला हा धडा नसतो वाटतं."

मी माऊस आपटून उठले. पण जिना चढता चढता मलाच हसू आवरेना.

त्याचं नाव एल्दियार. दुपारनंतर तो मामाची मार्शरुत्का, भाड्याची छोटी व्हॅन, चालवायचा, बाजार ते बस स्टँड, प्रवासी कोंबून. माझं कॉलेज सुटायचं आणि त्याची पाळी सुरू व्हायची, त्यामध्ये थोडा वेळ आम्हा दोघांचा असायचा. एक मशीन, दोन स्टुलं. त्यानं पिंपं भरली, शेत लावलं, बुटके अंड्यांवाचूनही पोटभर जेवतील अशी सोय केली. "खेळात शरद आला की व्यापारी येतील," तो म्हणाला. "त्यांच्याकडून नर घेऊ." ते 'घेऊ' मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिले.

व्यापारी आले. आम्ही आमचे कोरलेले दगडी पेले देऊन एक नर घेतला. मी लगेच त्याला नाव दिलं, एल्दियार.

"हे काय?"

"दिवसभर भटकतो, खातो, आणि कामाचं काही करत नाही. दुसरं काय नाव ठेवू?"

"असं? मग त्याच्या मागं मागं फिरणारी ती करडी बदकीण आयपेरी."

आयपेरी म्हणजे मी. मी चटकन बोर्सोक तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

एकदा त्यानं विचारलं, "पण बदकंच का? इथं ड्रॅगनसुद्धा पाळता येतो." कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगून टाकलं. त्यूपला, आमच्या गावी, तळ्याकाठी वडिलांची बदकं होती. वसंतात पिल्लं निघाली की बाबा ती टोपीत घालून मला उठवायला आणायचे, गालावर ओल्या चोची लावायचे. ते गेल्यावर आपानं, म्हणजे आईनं, बदकं विकली आणि आम्ही शहरात खोली घेतली. त्या वर्षी अंडी खोक्यांतच राहिली होती.

एल्दियारनं माऊस ओढून घेतला. पडद्यावरच्या खुराड्याला त्यानं आणखी एक खोली जोडली, तळ्याच्या बाजूनं. तेव्हाच मला कळलं होतं, माझं काय झालंय ते. 

डिसेंबरात मामानं मार्शरुत्का विकली. एल्दियारच्या भावानं नोवोसिबिर्स्कला एका बेकरीत त्याच्यासाठी काम बघितलं. आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी किझिल-सू गावाहून निरोप आला, की रविवारी मुलाची माणसं मागणीचं कानातलं घेऊन येतायत. आपा म्हणाली, "मुलगा बरा आहे, घर बरं आहे. तुझ्या मनात कुणी असेल तर आत्ता बोल, आयपेरी. एकदा कानात घातलं की मग दुसरं कुणी दारात येत नसतं."  कुणाचं नाव घेणार? त्यानं तर तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लबात गेले तर तो नुसता बसून होता. समोर करडी बदकीण अंड्यांवर. नर आल्यानंतरची पहिली अंडी! मी दाराला कुलूप लावलं आणि पडद्याकडेच बघत म्हणाले, "रविवारी मला कानातलं घालायला येतायत."



"चांगलं आहे," तो म्हणाला. "म्हणजे... घर चांगलं असेल तर."

"एवढंच?"

"काय म्हणू? नव्या वर्षानंतर मी जाणार. दोन हिवाळे तरी यायला जमणार नाही. तू सांगितलंस तर नाही जात. लाव कुलूप, ठेव मला कोंडून..." हसायला गेला, पण जमलं नाही त्याला.

"मला कुणाला कोंडून ठेवायचं नाहीये, बाइके."

"बाइके म्हणू नकोस गं!"

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी लुकलुकलं. खुराड्यात एक बुटका अडकला होता! अंडी न्यायला आत शिरलेला, आणि मी बाहेरून कुलूप ठोकलेलं. खेळातले दिवस झरझर सरतात, तहानेनं त्याचा जीव चालला होता.

"दार उघड!" एल्दियार म्हणाला.

"उघडलं तर अंडी घेऊन जाईल!"

"मरेल गं तो!"

मला रडूच यायला लागलं. बाबांची टोपी, ती विकलेली बदकं, रविवार, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. "नाही म्हणजे नाही! या वेळी पिल्लं निघायलाच हवीत!"

त्यानं हळूच माझा हात माऊसवरून बाजूला केला. एकेका अंड्यावर जाऊन खूण केली. बंदीची खूण. "कुलूप कशाला लागतं? अंड्यावर खूण असली की कुणी हात लावत नाही. दार उघडं असलं तरी."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं, तर रोज दार राखायला आली असतीस का तू?" असं म्हणाला आणि स्वतःच बावरला.

मी कुलूप काढलं. बुटका धावत बाहेर पडला, अंड्यांकडे ढुंकूनही न बघता पिंपाकडे गेला. करडी बदकीण जागची हलली नाही. मी बघत राहिले... आणि मग माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

"एल्दियार."

पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. त्यानं मान वर केली.

"रविवारच्या आधी तुझ्या आपाला आमच्याकडे पाठव. कानातलं घेऊन. मग तू खुशाल जा. दोन हिवाळे जा. कानात खूण असली की दार उघडं असलं तरी कुणी मागणी घालायला येणार नाही."

त्याचे डोळे भरले. त्यानं ते बाहीनं पुसले आणि पुटपुटला, "मला वाटायचं, मी विचारलं तर तू म्हणशील, बाइके, तुमचं डोकं फिरलंय का!"

"फिरलेलंच आहे. पण चालेल मला."

मागून सबीरबेक बाइके खेकसले, "अरे, आता ऊठ की! आईला सांगायला घरी जावं लागतं, क्लबात बसून होत नाही ते!" सगळी पोरं पुन्हा गोळीबार थांबवून आमच्याकडेच बघत होती.

शनिवारी त्याची आपा आली. तिच्या घाईनं चांदीची कडी माझ्या कानात जाईचना. माझ्या आपानं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "हा मुलगा कोण? कुठं भेटला तुला?" मी म्हटलं, "माझी अंडी खाल्ली होती यानं." आपानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्याच दिवशी तिनं किझिल-सूला निरोप धाडला, येऊ नका म्हणून.

तो जायच्या आधी पिल्लं निघाली. पडद्यावर इवलेसे ठिपके, करड्या बदकिणीच्या मागं मागं. आम्ही शेजारी शेजारी बसून बघितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून, उलटी करून माझ्या मांडीवर ठेवली. रिकामीच. मी ती दोन्ही हातांनी धरून बसले आणि मनसोक्त रडले.

मग तो गेला. मी कॉलेज सुटलं की क्लबात जायचे. तिकडून फोन यायचा, तो विचारायचा, "काय म्हणतायत बदकं?" मी म्हणायचे, "मजेत." पुढचं सांगायचे नाही. पिल्लांना पिल्लं झाली, त्यांनाही झाली, आणि एकही कापू देणं माझ्याच्यानं झालं नाही. एवढ्या बदकांच्या ओझ्यानं मशीन रांगायला लागली. बुटक्यानं पाऊल उचललं की ते खाली टेकेपर्यंत माझा चहा संपायचा. सबीरबेक बाइके कपाळ बडवत, "पोरी, मेजवानी कर! निम्मी तरी काप!"

तिसरा हिवाळा तोंडावर आला तेव्हा एका दुपारी पायऱ्यांवर जड बूट वाजले. मी मान वळवली नाही. वळवायचं धाडसच होईना. बर्फाचा वास आला, आणि या वेळी त्यात पावाचा. बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो माझ्या खांद्यावरून वाकला. पडद्यावर किल्ला कुठं दिसतच नव्हता. स्वयंपाकघरात बदकं, भांडारात बदकं, राजाच्या सिंहासनावर बदक.

"आयपेरी, हे काय करून ठेवलंस?"

मी कानातल्या कडीला हात लावला.

"दार उघडं ठेवलं होतं," मी म्हणाले. "बस. दमला असशील."

आणि त्यानं दुसरं स्टूल ओढलं.