दाराआडचं ठोकणं

मामाचं वकिलीचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं आणि एक पंखा. तो लावला की कागद उडायचे आणि बंद केला की माणसं उकडायची. वकीलही दोनच, मामा आणि त्याची भाची. भाचीला कोर्टात येऊन सात वर्षं झाली होती, तरी मामा तिला न्यायाधीशांसमोरही 'चिमे' म्हणायचा. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला, पण मामा तो मामाच. शेवटी सगळ्या कोर्टाने तिला चिमी वकील करून टाकलं.

त्या दुपारी दोघं निघाले होते मासळीच्या एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजची पाहणी करायला. त्यांचा अशील तिथला म्हातारा वॉचमन. आठ महिन्यांपूर्वी, एका शनिवारी संध्याकाळी, मासळी निवडणारी एक बाई आत राहिली आणि दार बाहेरून लागलं. आतली कडी मोडकी होती. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा ती दाराशी बसलेली सापडली, गोठून गेलेली. मालकाने हात झटकले. सुपरवायझरने जबाब दिला, आतून ठोकलं की वॉचमनच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. म्हाताऱ्याने ऐकून कानाआड केलं, असा त्याचा आरोप. म्हातारा एकच वाक्य म्हणायचा, "मला काही ऐकू आलं नाही." सगळा खटला येऊन अडला होता तो एवढ्यावरच.

"हे पहिल्याच महिन्यात बघायला हवं होतं," चिमी गाडीत म्हणाली. "उद्या तारीख आहे आणि आज आपण निघालोय. तहान लागल्यावर विहीर खणायची."

"बघणारच होतो गं. तेवढ्यात फाइल हरवली."

"फाइल तुझ्या खुर्चीवर होती. तू तिच्यावर बसला होतास, मामा."

"म्हणूनच तर सापडली नाही."

चिमीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

कोल्ड स्टोरेजची इमारत लांबट, बिनखिडक्यांची होती. आठ महिन्यांपूर्वीच वीज तोडलेली. आत शिरताच जुन्या मासळीचा, ओल्या गोणपाटाचा आणि गंजाचा वास एकदम घशाशी आला. एक अरुंद बोळ सरळ जाऊन डावीकडे वळायचा. वळणाच्या अलीकडे वॉचमनची खुर्ची आणि पलीकडे, दहा पावलांवर, ते दार. टीचभर जाडीचं, पत्र्याने मढवलेलं. खुर्चीवरून ते दिसत नव्हतं. म्हातारा अजून फाटकापाशीच्या खोलीत राहायचा. जामिनावर सुटल्यावर जाणार कुठे?

ठरलं ते असं. मामाने आत जाऊन पाच मिनिटं ठोकायचं, म्हाताऱ्याने दार लावून तिथेच थांबायचं आणि चिमीने खुर्चीवर बसून काय ऐकू येतं ते लिहायचं.

ती बसली. घड्याळ पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं, पण बोळात त्याची एक तिरीपच पोचत होती. पलीकडे दार लागल्याचा दबका आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. शांतता अशी की तिला स्वतःच्या पेनाचं टोक कागदावर सरकलेलं ऐकू येत होतं.

आणि मग ठोकणं सुरू झालं.

ठक... ठक... ठक. थोडं थांबून पुन्हा तसंच. मोठा आवाज नव्हता, पण स्पष्ट होता. सुपरवायझर म्हणाला होता तसा, स्वच्छ. 'तीन वाजून बावीस मिनिटं. ऐकू येतं,' असं तिने लिहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. सहा महिने या म्हाताऱ्यासाठी ती न्यायाधीशांशी भांडत होती, आणि हा सरळ तोंडावर खोटं बोलत होता. ती ताडकन उठली आणि वळणापलीकडे गेली.

दार बंद होतं. म्हातारा बाजूला उभा होता. ठोकणं थांबलं होतं.

"मामाला बाहेर काढा," ती म्हणाली. "झालं माझं काम."

"साहेब आत गेलेच नाहीत अजून," म्हातारा हळूच म्हणाला. "त्यांना फोन आला. मागच्या अंगणात आहेत. वास नको म्हणून मी दार लोटून घेतलं."

मागच्या दाराबाहेर मामा उन्हात उभा राहून, घरी पाहुणे किती येणार याचा हिशेब बायकोला विचारत होता.

"मग आत्ता ठोकत कोण होतं?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "तुम्हालाही आलं... ऐकायला?"

तिने हातातल्या कागदावर लिहिलेली वेळ पुन्हा वाचली.

"त्या दिवशी नव्हतं आलं, ताई. खरं सांगतो. नंतर येतंय. रोज." तो दाराकडे न बघता बोलत होता. "दर वेळी उठून उघडतो. आत कुणी नसतं. पण उघडतो. त्या दिवशी आलं असतं... तर उघडलं नसतं का मी?"

चिमीने स्वतःच कडी ओढली. टॉर्च फिरवला. रिकाम्या फळ्या, कोरडी जमीन, आणि बाहेरच्यासारखाच उबट वास. उंदीर शिरायलाही भोक नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा मामा खिशात फोन ठेवत येत होता.

"हं, कर बंद दार. ठोकतो."

"आज नको," ती म्हणाली. "चल इथून."

गाडीत तिने त्याला सगळं सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाइप वाजला असेल. आणि समजा कुणी न ठोकताच आवाज आला, तर तो पुराव्यात बसतो कुठे? ते पान फाड."

पान तिने फाडलं नाही, पण घडी घालून पर्समध्ये ठेवलं. न्यायाधीशांपुढे पाहणीचा विषयच काढायचा नाही, असं तिने मामाला दोनदा बजावलं. मामाने दोनदा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी, विषय निघालेला नसताना मामा उठला आणि छाती काढून म्हणाला, "महाराज, आमची काहीच हरकत नाही. कोर्टाने जागेच्या पाहणीला कमिशनर नेमावा. आमच्या अशिलाच्या खुर्चीवर बसून ऐकावं. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे."

चिमीने कपाळावर हात मारून घेतला. आता कमिशनर येणार, खुर्चीवर बसणार, त्याला ते ठोकणं ऐकू येणार आणि म्हातारा तुरुंगात जाणार. आणि हे तिला सांगताही येत नव्हतं.

कमिशनर म्हणून आल्या एक निवृत्त न्यायाधीशबाई. कडक, पांढऱ्या केसांच्या, सोबत फोटोग्राफर. सकाळचे अकरा वाजले होते. आत जाऊन ठोकायला दोन्ही बाजूंचं एकेक माणूस हवं होतं. समोरच्यांकडून सुपरवायझर पुढे आला. इकडून मामा निघाला, तेवढ्यात चिमीने त्याच्या हातातला लोखंडी गज काढून घेतला.

"मी जाते. तू फक्त तोंड बंद ठेव."

दार लागलं. टॉर्चच्या उजेडात सुपरवायझर भिंतीला टेकून उभा राहिला. चिमीने त्याच्याकडे पाठ केली. एखाद्या हट्टी साक्षीदाराला समजवावं तशी, वैतागलेल्या पण खालच्या आवाजात ती त्या रिकाम्या खोलीला म्हणाली, "बाई, आज ठोकू नका. तुमच्यावर अन्याय झाला, कबूल. पण त्या म्हाताऱ्याने नाही केला. तो अजून रोज उठून दार उघडतोय तुमच्यासाठी. ज्याने कडी दुरुस्त केली नाही त्याला गाठायचं असेल, तर आज... एवढं ऐका."

सुपरवायझर हसला. "वकीलबाई, बऱ्या आहात ना?"

तिने गज उचलला आणि दारावर जोरात मारला.

आवाज झाला नाही.

तिला वाटलं नेम चुकला. पुन्हा मारला. गज पत्र्यावर आपटलेला दिसत होता, खांद्यापर्यंत झिणझिण्या येत होत्या, पण बाहेर तर सोडाच, आतही काही ऐकू येत नव्हतं. कापसाच्या ढिगावर मारावं तसं.

"मुद्दाम हळू मारताय," सुपरवायझर म्हणाला. "द्या इकडे."

त्याने गज हिसकावला आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून मारला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मारताना त्याचं हसू गेलं होतं. चौथ्यांदा त्याने गज उगारला आणि तो तसाच राहिला, जणू दाराच्या बाजूने कुणी तो घट्ट धरून ठेवला होता. मग गज सुटला, खाली पडला, आणि पडल्याचा आवाज मात्र खणखणीत झाला. सुपरवायझर मागे सरत सरत भिंतीला जाऊन भिडला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. चिमीच्याही.

दार उघडलं तेव्हा कमिशनरबाई घड्याळाकडे बघत होत्या. "पाच मिनिटं झाली. ठोकलंत ना दोघांनी?"

"ठोकलं," सुपरवायझर म्हणाला. "मी स्वतः ठोकलं." आणि फाटकाकडे चालायला लागला. तो पुन्हा त्या इमारतीत गेला नाही. पुढच्या तारखेला त्याने जबाब फिरवला, कडी मोडल्याचं मालकाला तीनदा सांगितलं होतं हेही कबूल केलं. म्हातारा सुटला. मालकावर खटला उभा राहिला. मामा महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला, की कमिशनर नेमण्याची कल्पना त्याची होती.

अहवालाची प्रत ऑफिसात आली ती त्या गडबडीत. चिमी एकटीच टेबलाशी होती. शेवटच्या पानावर दाराच्या आतल्या बाजूचा फोटो होता, चाचणी संपल्यासंपल्या काढलेला. इतके घाव बसूनही पत्र्यावर एक पोचा नव्हता. फक्त छातीच्या उंचीवर गोठलेल्या दवाचा पांढरा ठसा होता, एका हाताचा, बोटं फाकलेली. फोटोखाली कमिशनरबाईंनी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओल.'

चिमीने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. ठशात तळहाताच्या रेषा नव्हत्या. बोटांची पेरं उमटली होती आणि टोकाला पाच नखं. हाताची मागची बाजू दाराला टेकली होती. तळवा आत ठोकणाऱ्या त्या दोघांकडे होता, घाव झेलायला.