मागे राहणारी

पहिल्याच राइडला चढावर तिच्या सायकलची चेन पडली आणि सगळ्यांच्या मागून येणारा तो थांबला. शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सायकल क्लबात सगळे त्याला मास्तर म्हणत. शेवटी राहून मागे पडणाऱ्यांना सांभाळायचं, हे त्याचं काम. चेन बसवून त्याने काळ्या बोटांनीच घाम पुसला, कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला, आणि तो हसला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी ती… त्याच्या डोळ्यांत अडकली ती अडकलीच.

तेव्हापासून ती दर रविवारी मागे राहायची. पाय आता चांगले तयार झाले होते, तरीही.

आज मात्र तिच्याही मागे एक जण होती. नवी आलेली डेंटिस्ट.

"मास्तर, गिअर कुठला टाकू?"

"थोडा हलका. हं… अस्सं!"

अस्सं म्हणे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन रणरणत होतं, तापलेलं डांबर चाकांना धरत होतं, आणि मागून हसण्याचे आवाज येत होते. एका वळणावर ती थांबली. दोघं आले. डेंटिस्ट त्याच्याच बाटलीतून पाणी पीत होती.

"काय गं, दमलीस?" त्याने विचारलं.

"मी? छे! चालू दे तुमचं."

आणि तिने असं काही पॅडल हाणलं की पुढचे एकेक मागे पडू लागले. क्लबचे काका ओरडले, "अगं, आग लागलीय का कुठे?"

लागली होती.

माथ्यावर ती सगळ्यांत आधी पोचली. खाली वाळलेलं पिवळं गवत, गरम वारा… आणि डोळ्यांत पाणी. घामच असेल, तिने स्वतःला बजावलं. तेवढ्यात धापा टाकत मास्तर वर आला.

"तू तर शेवटी असतोस ना?"

"काकांना ठेवलं मागे. आज… इतकी जोरात?"

"मला येते जोरात चालवता. कधीपासूनच."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू पुढे गेली असतीस."

ती गोरीमोरी झाली. मग एकदम म्हणाली, "मला ती डेंटिस्ट आवडत नाही."

"आणि मी?"

"तू आवडतोस… म्हणून तर ती आवडत नाही!"

तो खळखळून हसला आणि तिच्या शेजारी दगडावर टेकला. "मला तर तुझी चेन पडली तेव्हाच तू…" त्याने नुसता तिचा हात धरला.

बऱ्याच वेळाने काकांबरोबर लालबुंद झालेली डेंटिस्ट आली. "मास्तर, अर्ध्या चढावर सोडून गेलात मला!"

"हो," तो म्हणाला.

एवढंच. ना सॉरी, ना सबब. तिला डेंटिस्टची पहिल्यांदाच दया आली. बसायला जागा करून द्यावी म्हणून ती सरकली… मास्तरच्या आणखी जवळ.