उजवीकडचा पाऊस

हाक आली आणि विजयश्री नेमकी उलट्या बाजूला बघायला लागली.

नाशिक फाट्यावर, पुलाखाली, सकाळची गडबड चालली होती. कंपनीची बस तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती आणि चाकणपर्यंत आता कसं जायचं, या विचारात ती उभी होती. "ताई! ओ विजूताई!" आवाज सुजितचा होता, हे तिला कळलं. तो पूर्वी तिच्याच कंपनीत होता. पण आवाज येतोय कुठून? ती आधी फळांच्या गाडीकडे वळली, मग रिक्षांच्या रांगेकडे. शेवटी हॉर्न वाजला, तर ती थेट पुलाच्या खांबाकडेच बघू लागली.

"अहो, हाक इकडनं अन् बघताय तिकडं!" एक करड्या रंगाची गाडी अगदी तिच्यापाशी येऊन थांबली. चालवणारा तरुण मनापासून हसत होता. "खांब नाही सोडत कुणाला चाकणला."

मागच्या सीटवरून सुजित म्हणाला, "बसा ताई, पुढं बसा. हा गणराज, आमच्या कंपनीतला. पुनावळ्याचा. गाडी चांगली चालवतो, फक्त बोलतो फार." आणि एवढं सांगून तो डोळे मिटून झोपलासुद्धा.

विजयश्री पुढे बसली. गणराज आता तिच्या उजव्या हाताला होता. तिला बरं वाटलं. तिची खरी बाजू तीच होती.

विजयश्रीचा डावा कान ती सात वर्षांची असताना गेला. औशाजवळच्या त्यांच्या गावात गालगुंडाची साथ आली होती. ताप उतरला, सूज उतरली. कान मात्र परत आला नाही. आवाज कुठून आला हे माणसाला दोन कानांमुळे कळतं. एका कानाला तो किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित नंतर, आणि तेवढ्यावरून आपलं मन दिशा ओळखतं. कान एकच असला की आवाज पोचतो, त्याचा पत्ता पोचत नाही. पाऊस पडला की इतरांच्या चारी बाजूंनी पडतो. विजयश्रीसाठी तो नेहमी उजवीकडेच पडायचा.

हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. एका स्थळाला सांगितलं होतं. मुलगा पसंत, पत्रिका पसंत, आणि मग "कळवतो" म्हणून गेलेली ती माणसं परत फिरकली नाहीत. तेव्हापासून तिनं तोंड मिटलं होतं.

भोसरी मागे पडली तशी तिनं सवयीनं मोबाइल काढला आणि इअरफोनचा एकच बड उजव्या कानात घातला.

"एकच?" गणराज कळवळून म्हणाला. "गाण्याचे दोन तुकडे करून एक रस्त्यावर टाकला तुम्ही."

"मला पुरतो तेवढा."

"गाणं पुरायला ते काय पोहे आहेत?"

तिला हसू आलं. तिनं ते खिडकीकडे वळवलं... पण काचेत त्याला दिसलंच.

तिनं बड काढून ठेवला. मग तो बोलत सुटला. गाड्यांमधले स्पीकर जुळवणं हे त्याचं काम होतं. मोबाइलवर गाणं सोयीचं व्हावं म्हणून ते दाबून लहान केलेलं असतं, त्यात बारीक काही उरत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या गाडीत मात्र डिस्क चालायची. सहा वेगळे आवाज, सहा जागांहून येणारे. ऐकणारा मधोमध.

"आणि लोकांना तो फरक कळतो?" तिनं विचारलं.

"तीच तर गंमत. आम्ही चाचणीला लोक बसवतो ना, तेव्हा मधूनच एक स्पीकर गुपचूप बंद ठेवतो. मग विचारायचं — डावीकडचा टाळ कसा वाटला? निम्मे जण म्हणतात, वा, काय सुरेख! त्यांना आम्ही होयबा म्हणतो. होयबाचं मत आम्ही धरतच नाही."

विजयश्रीनं ओढणी उगाच सारखी केली. तो सहज बोलून गेला होता.

त्यानंतर बस चुकण्याचं तिला निमित्त लागलं नाही. सुजितनंच ठरवून टाकलं, "रोज इथंच थांबत जा ताई." मोशीला वाहनांची रांग लागायची, ट्रक एकमेकांना खेटून उभे राहायचे, आणि या दोघांना त्या रांगेचं काही वाटेनासं झालं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते सुजितलाही कळलं नाही. तो झोपलेला असायचा, निदान तसं दाखवायचा.

"तू काय करतेस गं कंपनीत?" एकदा गणराजनं विचारलं.

"गाड्यांच्या तारांच्या जुड्या होतात ना आमच्याकडे, त्यांची तपासणी. तारांची टोकं जोडायला प्लास्टिकचा कपलर असतो. आमच्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच धडा शिकवते. ढकल, टक् ऐक, ओढून बघ."

"ओढून कशाला? टक् झालं की बसलं."

"टक् शेजारणीचंही असू शकतं. ओढून सुटलं नाही, तरच बसलं म्हणायचं."

गणराजनं पुढच्या ट्रकमागं गाडी हळू केली. मग म्हणाला, "हे माणसांनापण लागू आहे."

"तुझ्यासारख्या बोलक्या माणसांना तर फारच."

एका सकाळी तो गप्प होता. कंपनीच्या नव्या गाडीतून डिस्कची जागा काढून टाकायचं ठरलं होतं. आता फक्त मोबाइल जोडायचा. "लोकांना सोय पाहिजे," तो म्हणाला. "चूक नाही त्यांची. पण सोय म्हणजेच सुख, असं समजायला लागलेत सगळे."

"सोयीला इतकं हिणवू नकोस," ती एकदम म्हणाली. तिचा सूर तिलाच अनोळखी वाटला. "सोयीनं कुणाकुणाला पहिल्यांदा अख्खं गाणं मिळालेलं असतं."

ते खरंच होतं. कॉलेजात असताना एका युगुलगीतात बाईच गाते आणि मधे मधे उगाच थांबते, असं तिला वाटायचं. मग मोबाइलमधली एक सोय सापडली — दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच कानात सोडणारी. त्या दिवशी त्या गाण्यातला पुरुष पहिल्यांदा तिला उत्तर देऊन गेला. ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडली होती.

पण हे तिनं गणराजला सांगितलं नाही. त्यानं वळून बघितलं, विचारायला तोंडही उघडलं... आणि सिग्नल हिरवा झाला.

थंडीत त्यानं आपल्या आजोबांबद्दल सांगितलं. आबाजी. पुनावळ्याच्या मारुतीच्या देवळात भजनाला बसायचे, टाळ वाजवायचे, गायचे. जुनं देऊळ पाडून संगमरवरी बांधायचं ठरलं, तेव्हा गणराजनं एका एकादशीला भजनी मंडळाच्या रिंगणात सहा माइक ठेवले आणि सगळं भजन उतरवून घेतलं. देऊळ गेलं. नंतर आबाजीही गेले.

"डोळे मिटून ऐकलं ना, की मी रिंगणाच्या मधोमध बसलेला असतो," तो म्हणाला. "समोर वीणा, उजवीकडं पखवाज. अन् डावीकडं मागं आबाजी. ती जागा त्यांची ठरलेली. कुणाला ऐकवलं नाही अजून. रविवारी येशील? तुला ऐकवायचंय."

आजवर कुणाला न ऐकवलेलं तो आपल्यालाच का ऐकवतोय, हे विजयश्रीला कळत होतं. 'सांग,' तिचं मन म्हणालं, 'आत्ताच सांग.' पण त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड बघून तिचा धीर झाला नाही. ज्या गोष्टीवर त्याचा इतका जीव, ती आपल्याला कधीच कळायची नाही, हे त्याला समजलं तर? तोही "कळवतो" म्हणाला तर?

रविवारी दुपारी पवनेच्या काठी बाभळीखाली गाडी उभी राहिली. आभाळ अवेळीच भरून आलं होतं. गणराजनं इंजिन बंद केलं, काचा वर केल्या, डिस्क आत सरकवली. पखवाजावर थाप पडली. टपावर टपोरे थेंब पडू लागले. विजयश्रीच्या उजव्या कानात पाऊस, वीणा, पखवाज, माणसं, सगळं एकाच दारातून गर्दी करून आत शिरलं. गोड होतं ते. पण रिंगण नव्हतं.

गणराजच्या कपाळाला मात्र आठी पडली. तो काहीतरी शोधत असल्यासारखा ऐकत होता. मग तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "आबाजी... ऐकू आले?"

"हो," ती म्हणाली.

"कुठं?"

"डावीकडे. मागे." आणि जीव तोडून तिनं आणखी भर घातली, "किती स्पष्ट!"

गणराजनं डिस्क थांबवली. पावसातच उतरला, मागचं डावं दार उघडलं, वाकून दाराचं आतलं झाकण काढलं. स्पीकरचा कपलर सुटून लोंबत होता. खड्ड्यांनी हिसकला असणार. आबाजींचा टाळ त्या दुपारी गाडीत वाजलाच नव्हता.

तो परत येऊन बसला. केसांतून पाणी गळत होतं. "छान नाही वाटलं म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं," तो हळूच म्हणाला. "आबाजींच्या बाबतीत तरी... मला होयबा नको होती."

विजयश्रीच्या ओठांवर सगळं आलं आणि तिथंच थिजलं. गणराजनं तिला घरापाशी सोडलं आणि गाडी वळवली.

सोमवारी ती कंपनीच्या बसनं गेली. मंगळवारीही. संध्याकाळी तिची आई, कौशल्याबाई, भाकरी थापता थापता थांबली. लेकीच्या तोंडून सगळं काढून घ्यायला तिला वेळ लागला नाही.

"आता माझं ऐक," कौशल्याबाई म्हणाली. "पहिल्यांना सांगितलं, ते गेले. ह्याला सांगितलं नाहीस, तरी हा चालला. मग खरं ऐकून तरी जाऊ दे की बाई त्याला! खोट्यावर कशाला घालवायलीस?"

बुधवारी विजयश्री पुलाखाली उभी राहिली. करडी गाडी आली. मागची सीट रिकामी होती. सुजितची दुसरी शिफ्ट लागली होती. गणराजनं पुढचं दार उघडलं, पण ती बसली नाही. तिनं मागचं डावं दार उघडलं. झाकण तसंच बाजूला, कपलर तसाच लोंबता.

"बसवला नाहीस?"

"मन झालं नाही."

ती वाकली. कपलर ढकलला. टक्. मग नेहमीसारखा ओढून बघितला. मग पुढे येऊन त्याच्या शेजारी बसली.

"माझा डावा कान नाही, गणराज," ती समोर बघत म्हणाली. "लहानपणीच गेला. तू रविवारी ऐकवलंस ते मला सगळं इथून ऐकू आलं." तिनं उजव्या कानाला बोट लावलं. "तार जोडलेली असती तरी आबाजी इथूनच आले असते. तुझं रिंगण मला कधीच दिसायचं नाही. हे तुला आवडणार नाही असं वाटलं, म्हणून खोटं बोलले. आवडीनिवडीचं नव्हतं ते. भीतीचं होतं."

मागून बसवाल्यानं हॉर्न दिला. गणराजनं गाडी काढली. भोसरी आली, गेली. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"त्या दिवशी," अखेर तो म्हणाला, "तू खांबाकडं बघत होतीस. अन् मी हसलो."

"सगळेच हसतात."

"व्हय. पण मी आवाजाचं काम करतो. मला कळायला पाहिजे होतं." "होयबा म्हणालो मी तुला."

मोशीची रांग आली. गाडी थांबली. चहूकडून हॉर्न वाजत होते, आणि विजयश्रीच्या लेखी ते सगळे एकाच ठिकाणी उभे होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझा आवाज कुठनं येतो तुला?"

ती त्याच्याकडे वळली. याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. "तू उजवीकडेच असतोस रे," ती सावकाश म्हणाली. "जगातला बाकी कुठलाच आवाज मला त्याच्या जागेवरून येत नाही. तुझा येतो."

गणराजनं स्टीअरिंगवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "दोन दिवस मीपण ओढून बघितलं. सुटलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती हसली. "मग बसलं म्हणायचं."

त्यानं डिस्क लावली. "हे सगळं मी एकत्र करून तुझ्या मोबाइलवर देणार आहे. एका कानाचं. सोयीचं."

"आबाजींना चालेल?"

"आबाजी गाताना स्वतःच एका कानावर हात ठेवायचे. त्यांना चालेल. पण आज रिंगण बघ." तो हातानं दाखवू लागला. "समोर, काचेपाशी वीणा. इथं, माझ्या दाराला पखवाज. अन् आबाजी..."

त्याचा डावा हात तिच्या सीटमागून गेला आणि तिच्या डाव्या खांद्यावर टेकला. तिनं डोळे मिटले. गाडीत टाळ वाजला. तिच्या कानात तो नेहमीच्याच बाजूनं आला. पण त्याच ठेक्यावर गणराजचं बोट तिच्या खांद्यावर पडलं, पुन्हा पडलं, पडत राहिलं — हलकं, नेमकं, एकही ठोका न चुकवता. मग त्या भरदार म्हाताऱ्या आवाजानं अभंगाचं धृपद उचललं.

रांग हलली होती. मागचे ट्रकवाले ओरडत होते. विजयश्रीनं डोळे उघडले आणि कुणी जवळच्या माणसानं हाक मारावी तशी ती वळली... डावीकडे, मागे. बरोबर आबाजींच्या जागेकडे.