कापलेलं बटण

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो पँटची उंची कमी करून घ्यायला. मी टेप शोधत होते आणि तो टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपकडे बघत होता... जरा जास्तच वेळ.

"ही वेबसाइट तुमची?"

"माझी आणि मावशीची. का?"

"काही नाही... ह्या पानावरच्या जाहिराती काल मीच बंद केल्या." त्याचे कान लाल झाले होते.

मावशीचं ऑपरेशन झालं, एक स्तन काढावा लागला. बाजारातला रबरी आकार तिला घामाने चिकटायचा. म्हणून मी सुती कापडाचा शिवून दिला. आत कापूस, वजनाला चार गुळगुळीत खडे. तो कसा शिवायचा त्याचे फोटो आम्ही वेबसाइटवर टाकले. पुढे तिथे जाहिराती लागल्या. त्या पैशातून कापड आणून, ज्यांना शिवता येत नाही अशा बायकांना आम्ही फुकट पाठवू लागलो. तो येण्याच्या आदल्या दिवशी त्या जाहिराती थांबल्या. जाहिरात कंपनीचं पत्र आलं: प्रौढांसाठीचा मजकूर. चौदा दिवसांत फेरतपासणी मागा. ती नाकारली तर वेबसाइट जाहिरातींतून कायमची बाहेर. आमच्याकडे एकवीस बायका रांगेत होत्या.

"बघून बंद केल्यात?" मी विचारलं.

"त्या कंपनीत मी पानं तपासतो. पण आधी प्रोग्रॅम बघतो. फोटोत अंगाचा रंग किती, ते मोजतो. संशय आला की पान माझ्याकडे. मला वीस सेकंद मिळतात आणि फोटो दिसतो नखाएवढा. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"खरं वाटलं."

मी टेबलावरचा नमुना उचलून त्याच्या हातात ठेवला. गरम बशी धरावी तसा त्याने तो दोन्ही हातांनी धरला. पडद्याआड मावशीची शिलाई मशीन थांबली.

"रागवू नकोस गं," ती आतून म्हणाली. "तुझ्या शिवणीला एवढं मोठं सर्टिफिकेट आजवर कोणी दिलंय?"

पँट न्यायला आला तेव्हा त्याने शर्ट आणला; कॉलर उलटवायची होती. मी इस्त्री फिरवत होते, तो वाफेपलीकडे उभा राहून बोलत होता.

"सगळं एकाच मापात बसवत नाहीत. आजाराची माहिती असेल, शिकवणं असेल, तर नियम वेगळा. पान चालू राहतं. फक्त काही जाहिरातदार तिथे यायला नको म्हणतात, मग जाहिराती कमी लागतात."

"मग आमच्या पानाचं काय?"

"तुमच्या पानाबद्दल मला बोलता येत नाही. पण नियम सगळ्यांसाठी छापलेले आहेत... वाचा की."

मी वाचले. प्रत्येक फोटोत कापडाशेजारी टेप ठेवून फोटो पुन्हा काढले, खाली लिहिलं, 'हे कापड आहे.' मावशीच्या व्रणाचा फोटो राहिला होता.

"तो काढायचा नाही," मावशी म्हणाली. "तो बघूनच बायका पुढचं वाचतात. त्यांना कळतं, ही आपल्यातलीच."

तो मी वेगळ्या पानावर नेला, वर सूचना लिहिली आणि अर्ज पाठवला.

त्याच दिवशी तो तिसऱ्यांदा आला. हातात शर्ट आणि त्याचं सुटं बटण. मी शर्टावर उरलेला दोरा उजेडात धरला.

"हे तुटलेलं नाही. कापलंय. कात्रीने."

"नेलकटरने."

मी मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही. तो गेल्यावर मावशी म्हणाली, "तुझे बटणराव उद्या कोट उसवून आणतील."

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी आला.

"तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता."

"मग?"

"मी घेतला नाही. वरिष्ठ बाईंकडे गेला. त्या... कडक आहेत."

मी इस्त्री बाजूला ठेवली. "एक बटण दाबायचं होतं तुम्हाला. एकवीस बायका थांबल्यात."

"ओळखीच्या माणसाचं पान तपासायचं नाही, असा नियम आहे. उद्या कोणी विचारलं असतं तर पान पुन्हा बंद झालं असतं. मग कायमचंच."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. शर्ट आणि सुटं बटण मी त्याच्यापुढे सरकवलं. तो घेऊन गेला.

चार दिवस दार वाजलं की मावशी माझ्याकडे बघायची आणि मी कापडाकडे.

पाचव्या दिवशी पत्र आलं. अर्ज मंजूर. व्रणाच्या पानावर मर्यादित जाहिराती, बाकी सगळं पूर्ववत. खाली लिहिलं होतं, की पहिल्या तपासनिसाने ओळख जाहीर केल्यामुळे अर्ज दुसरीकडे दिला. त्याच्या फॉर्मची प्रत सोबत. मी ती उघडली. 'अर्जदाराशी नातं' पुढे चार चौकोन होते: नातेवाईक, मैत्री, व्यवहार, इतर. त्याने 'इतर'वर खूण करून लिहिलं होतं, 'अजून विचारलेलं नाही.'

मावशी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "फोन करतेस की मी करू?"

पावतीवर त्याचा नंबर होता. "शर्ट घेऊन या," एवढंच मी म्हणाले.

तो शर्ट घालूनच आला, वरचं बटण नसलेला. मी तसंच उभं राहून लावलं, दुहेरी दोऱ्याने. तो श्वास धरून उभा होता. शेवटी वाकून मी दातांनी दोरा तोडला.

"आता हे नेलकटरला दाद देणार नाही."

"मग मी यायचं कसं?"

"तुमच्या फॉर्मच्या तळाशी एक ओळ आहे," मी सुई उशीत खोचली. "नातं बदलल्यास सात दिवसांत कळवावे."

"आहे... पण काय कळवू?"

"आधी विचारा तरी."

त्याने विचारलं. पडद्याआडची मशीन थांबली. मी हो म्हणाले, आणि ती पुन्हा सुरू झाली.