जे आले नाहीत, त्यांना

तिच्या लॅपटॉपमध्ये चार टक्के जीव उरला होता आणि तिचा स्वतःचा जीव टांगणीला लागला होता. चार्जर घरीच राहिलेला. आत मुलाखती सुरू, बाहेर पाच खुर्च्या, काचेवर भुरभुर पाऊस...

"हा घ्या." शेजारच्या खुर्चीतल्या उमेदवाराने आपला चार्जर पुढे केला. वायरला चिठ्ठी चिकटवलेली – सापडल्यास कळवा – आणि खाली फोन नंबर.

"चिठ्ठी? शाळेतल्या मुलासारखी?"

"विसराळू माणूस दुसरं काय करणार, बाई?"

"मी शाळेतली बाई, हे कसं ओळखलंत?"

"मघाशी बडबडणाऱ्या त्या दोघांना 'शू' केलंत ना... मीसुद्धा गप्प झालो."

ती हसली, पण हसू टिकलं नाही. सहा वर्षं जिथे गणित शिकवलं, ती शाळा महिनाअखेर बंद होणार होती. डेटा सायंटिस्टच्या नोकरीसाठी ही तिसरी मुलाखत. जागा एकच.

सगळ्यांना घरून करून आणायला एकच काम दिलं होतं. दवाखान्याच्या जुन्या नोंदींवरून ओळखायचं, कोणता पेशंट ठरल्या वेळी येणार नाही; म्हणजे त्याची वेळ दुसऱ्याला देता येईल.

"माझं मॉडेल शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर सांगतं," तिला राहवेना.

तो स्क्रीनवर वाकला. बघता बघता गंभीर झाला. "हा रकाना – 'फोन केला' – दवाखाना हा फोन कधी करतो?"

"कधी म्हणजे... पेशंट आला नाही की..."

जो आला नाही, त्यालाच फोन! उत्तर आधीच नोंदीत बसलेलं. मॉडेल सरळ कॉपी करत होतं, आणि तेही बाईंच्या नाकासमोर.

तिने रकाना काढला, गणित पुन्हा चालवलं. एकाहत्तर.

"गप्प बसला असतात, तर जागा तुमची होती."

तो काचेकडे बघत राहिला. "आई दोन गाड्या बदलून दवाखान्यात पोचली होती. थोडा उशीर झाला. ती येणार नाही असं धरून वेळ दुसऱ्याला दिलेली. पुढची वेळ मिळेपर्यंत... ती राहिली नाही."

चार्जरची वायर तेवढी दोघांच्या मध्ये.

"झालं की खाली कॉफी घेऊ?" तिनेच हळूच विचारलं. "जागा मिळेल त्याने पाजायची."

"ठरलं."

आत गेल्यावर तिने काहीच लपवलं नाही. "मी चुकले होते. बाहेरच्या एका उमेदवाराने दाखवून दिलं. आता एकाहत्तरच आहे, पण खरं आहे." समोरच्या तिघांपैकी एकीने हातातलं पेन खाली ठेवलं.

चार वाजता निरोप आला. जागा तिला मिळाली होती. ती खाली दोन कप घेऊन बसली. एक रिकामा झाला, दुसऱ्यावर साय धरली. तो आला नाही.

त्याचा चार्जर तिच्या पर्समध्येच राहिला होता. चिठ्ठीवरून तिने बोट फिरवलं, नंबर लावला.

"हॅलो?"

"जो येत नाही, त्याला फोन करायचा असतो ना?"

"माझं नाही झालं, बाई. म्हटलं, पडलेलं तोंड घेऊन तुमच्या आनंदात कशाला..."

"हे तुम्ही धरून चाललात. मला विचारलंत?"

"...नाही."

"मग या."

"दोन गाड्या बदलाव्या लागतील. उशीर होईल."

"होऊ दे." तिने समोरची खुर्ची जवळ ओढली. "तुमची वेळ मी कुणाला दिलेली नाही."