झिजलेली कड

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत शेजारी येऊन बसलेल्या त्या मुलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पाहिलं ते माझ्या पायाला लटकलेल्या कोऱ्या स्नोबोर्डकडे. माणसाने जरा तरी लाज बाळगावी की नाही!

"हा परत करा," तो म्हणाला. "तुमच्या चालीचा नाही हा."

"माझी चाल? आपण भेटलोय कधी?"

"नाही… पण तुमचा जुना बोर्ड भेटतो मला दर सोमवारी. निळा. पाय बांधायचे हे पिवळे पट्टे त्याचेच ना? मीच दुरुस्त केलेत."

मग उलगडा झाला. हा चिठ्ठीवरच्या सहीतला नेवेन, बारिलोचेच्या आमच्या डोंगरावर बोर्डांना धार लावणारा. मी खिडकीतून बोर्ड आत सरकवायची, चिठ्ठी घ्यायची आणि पळायची. आत कोण बसतं, हे तीन हिवाळ्यांत एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

"तुमच्या बोर्डाची पायाच्या बोटांकडची कड पार सपाट होऊन येते," तो म्हणाला. "टाचेकडची जशीच्या तशी. म्हणजे दिवसभर तुम्ही डोंगराकडे तोंड करून उलट्या उतरता… कुणाचे तरी हात धरून."

खरं होतं. सहा-सात वर्षांची नवशिकी पोरं होती ती, मी शिकवते त्या वर्गातली.

"तीन हिवाळे त्या हातांचा हेवा करतोय मी," तो पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला.

गोड होतं हो ते… पण माझ्या मात्र जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या बचाव पथकासाठी निवड होती. तीन वर्षं जो तो सांगत होता, 'मैतेन, तुला पोरांचंच छान जमतं.' हा ताठ, वेगाचा बोर्ड दुकानातून एका दिवसापुरता वापरून बघायला मिळाला होता. ठेवायचा की परत द्यायचा, ते संध्याकाळी पाचच्या आत ठरवायचं होतं. आणि आता हाही तेच सांगत होता!

"लवचिकच बरा तुम्हाला," तो म्हणाला. "हा चूक पोटात घालत नाही."

"चल तर मग वर!" माझं अहो-जाहो वाऱ्यावर उडालं. "दाखवतेच तुला."

पहिल्याच वळणावर बोर्डाने मला तोंडावर आपटलं. सप्टेंबरचा, सरत्या हिवाळ्यातला ओला बर्फ नाकातोंडात गेला. नेवेन थांबला, पण हसला नाही.

"लागलं?"

"लागलं ना… अहंकाराला."

उठले. गुडघे वाकवले, भार पुढे टाकला आणि बोर्डाला अडवणंच सोडून दिलं. उतारावरच्या लेंगा वृक्षांच्या रानातून तो असा सुटला म्हणता! भीती वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता. खाली पोचून मी वाट पाहत उभी राहिले, तेव्हा कुठे तो धापा टाकत आला.

"तू… अशी जातेस?"

"जायला मिळालंच कधी? ती कड माझ्या नोकरीची होती, नेवेन. माझी नव्हती."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"चुकलो मी. वाटायचं, हिला आपण पुरते ओळखतो. एका झिजलेल्या कडेच्या प्रेमात पडून बसलो होतो…"

"आणि आता?"

"आता ती कड खोटी निघाली… आणि प्रेम काही जाईना."

मला हसू आलं. रडूही आलं. दोन्ही लपवायला मी बोर्डावरचा बर्फ झटकत बसले.

बोर्ड मी ठेवला. पाचच्या आधी आम्ही त्याच्या कार्यशाळेत गेलो. हातात पेचकस घेऊन तो थांबला. "उद्यासाठी पट्टे कसे लावू? मी अंदाज करणार नाही. तू सांग."

असं मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, दोन पायांतलं अंतर, कोन… आणि हेही सांगितलं की, उद्या निवड होवो न होवो, रात्री मी त्याच्याबरोबर जेवणार आहे.

"विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय," मी म्हटलं.