आत्याची घंटी

मला वेड्यात काढायचं तर काढा, पण हे माझ्यासमोर घडलंय. तेही भरदुपारी, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये.

माझी आत्या नन होती. सगळा जन्म इस्पितळात काढला. मरणाऱ्या माणसाचा हात धरून ती उशाशी बसायची. "एकटं कुणी जाऊ नये गं," म्हणायची. आमच्याकडे जेवायला आली तरी निरोप आला की ताटावरून उठायची. आई वैतागायची.

गेल्या वर्षी ती गेली. मला दुसऱ्या दिवशी कळवलं. कॉन्व्हेंटच्या मदर म्हणाल्या, "आम्ही सगळ्या जवळ होतो. शांतपणे गेली."

त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

मग तिथे दिवंगत सिस्टरांच्या आठवणींचा कार्यक्रम झाला. आत्याचा फोटो, फुलं. मदर बोलायला उठल्या.

"शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता..."

वरच्या मजल्यावर घंटी वाजली.

बारीक... पितळी. आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात तसली.

मदर थांबल्या. पाणी प्यायल्या. "आम्ही तिला एकटं सोडलं नाही..."

पुन्हा वाजली. आता थांबेचना.

एकाही सिस्टरनं वर बघितलं नाही. सगळ्या माना खाली घालून बसलेल्या. मला तेच खटकलं.

माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या सिस्टर बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "त्या रात्रीही अशीच..."

मी जिना चढले. आवाज आत्याच्या खोलीतूनच येत होता. दार ढकललं...

शांत.

खिडकी बंद. गादी गुंडाळलेली. स्टुलावर तिची घंटी. मी उचलून हलवली.

वाजेना...

आतल्या लोलकाला कापडाची पट्टी गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. गाठीवर धूळ बसलेली.

त्या म्हाताऱ्या सिस्टर मागोमाग दारात आल्या होत्या. "रात्रभर वाजवायची. कुणाला झोप लागेना. मदरांनी बांधायला लावली. सकाळी जाऊन बघतो तर..."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

माझं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे हो. मला तरी हाक मारायची होती त्यांनी. आत्या परक्यांसाठी भरल्या ताटावरून उठली, आणि तिच्यासाठी एकही बाई अंथरुणातून उठली नाही. वर मदर माझ्या तोंडावर खोटं बोलल्या. हे मी विसरणार नाही.

घंटी मी घरी आणली. गाठ सोडली. उशाशी ठेवते, रात्र रात्र जागी असते.

अजून एकदाही वाजली नाही.

मलाही ती त्यांच्यातलीच समजते की काय...